बागेत दिवाळी पहाट करताय? आधी झाडांच्या ढोल्या बघा

पुण्यात आमच्या सोसायट्यांच्या मधोमध महापालिकेची बाग आहे. तिथल्या दिवाळी पहाटेची व्यवस्था गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. दुसऱ्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. मंचामागे जुना गुलमोहर आहे, त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहायची. मांडववाल्यांनी त्याच झाडाला हॅलोजन बांधले आणि त्यातला एक नेमका ढोलीच्या तोंडावर आला. तीन रात्री दिवे चालू होते. चौथ्या संध्याकाळी फांदीवर कुणी येऊन बसलं नाही, पाचव्याही नाही. महिन्याभरात ढोलीत साळुंक्या शिरल्या. ते मला फार लागलं. तेव्हापासून जे शिकले ते इथे सांगते.

कलाकार ठरवायच्याही आधी, निदान तीन आठवडे, बागेत दोन फेऱ्या मारा. एक भल्या पहाटे आणि एक दिवेलागणीला. सोबत बागेतल्या माळीकाकांना घ्या, कारण कुठल्या झाडावर कोण राहतं हे त्यांना तोंडपाठ असतं. पिंगळा शोधायचा तर वर बघण्याआधी खाली बघा. ढोलीखाली बुंध्यावर पांढरे ओघळ दिसतात आणि मातीत बोटाच्या पेराएवढ्या काळपट गोळ्या सापडतात. काडीने एक गोळी फोडा. आत भुंग्यांच्या पाठीची चकचकीत टरफलं आणि बारीक पाय निघतात. पिंगळा न पचलेलं असं ओकून टाकतो. अशा गोळ्या दिसल्या की ते झाड कार्यक्रमातून वगळायचं. तिथे दिवा, बॅनर, भोंगा, खुर्ची यातलं काहीही नको.

वटवाघळांची झाडं ओळखायला कष्ट पडत नाहीत, दिवसा उलटी लटकलेली असतात. ती सूर्योदयाच्या आधी परततात, म्हणजे बरोबर आपल्या कार्यक्रमाच्या वेळेला. बागेत त्यांची वस्ती असेल तर दुसरी जागा बघा, असं मी स्पष्टच सांगते.

मंच कुठे बांधायचा हे या फेऱ्यांनंतर ठरतं. मोकळी हिरवळ किंवा फरसबंदी असेल ती बाजू घ्या. मोठ्या झाडाची सावली पसरते तिथवर खांबांसाठी खड्डे खणू नका आणि जनरेटर तर कुंपणाबाहेरच ठेवा. खोडाला खिळा ठोकायचा नाही, आणि 'फक्त मध्ये येणारी' फांदीही छाटायची नाही. छाटणीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मांडववाल्यांना लेखी द्या. तोंडी सांगितलेलं पहाटे तीनच्या घाईत कुणाला आठवत नाही.

आता आवाज. यावर आमच्याकडे दर वर्षी वाद होतो, म्हणून नियम नीट माहीत करून घ्या. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देऊ शकतं, पण ती मध्यरात्री १२ पर्यंतची. पहाटे साडेपाचला ती उपयोगाची नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. लाउडस्पीकर असेल तर जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा १० जास्त, म्हणजे ६५ पर्यंत चालतं.

आम्ही काय करतो? पहिला अर्धा तास माइक बंद. तानपुरा, पेटी आणि भूपाळी. लोक आपोआप पुढे सरकून बसतात आणि एरवी बडबडणारी पोरंही गप्प होतात. खरं सांगू, आमच्याकडे लोक याच अर्ध्या तासासाठी येतात. सहानंतर माइक सुरू होतो, पण मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या उंच भिंती उभ्या करत नाही. सहा छोटे स्पीकर रांगांच्या मध्ये, कमरेच्या उंचीवर, तोंड माणसांकडे आणि पाठ झाडांकडे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे स्पीकर जवळ असला की कमी आवाजात भागतं. साउंडवाला आधी कुरकुरतो. त्याला आदल्या दिवशी बागेत बोलावून ऐकवा, मग तोही मानतो. कुंपणापाशी मोबाईलवर डेसिबल मोजायला एक जण उभा ठेवा. मोबाईलचं मोजमाप अंदाजेच असतं, पण आवाज चढलेला कळतो.

दिवे पिवळे, गुडघ्याच्या उंचीचे आणि जमिनीकडे तोंड केलेले. पांढऱ्या-निळसर एलईडीवर कीटक जास्त गोळा होतात. झाडाला माळा गुंडाळू नका. पणत्या मात्र हव्या तेवढ्या लावा, वाळक्या पानांपासून लांब. फटाके अजिबात नाहीत, पूजेपुरती एक लड सुद्धा नाही.

फराळ कागदी द्रोणात, एकाच टेबलावर. चिवडा हिरवळीवर सांडला की कावळे आणि कुत्री तिथेच रेंगाळायला लागतात, आणि पुढे पाखरांच्या अंड्या-पिल्लांवर कावळ्यांचीच नजर असते. त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर झाडू आधी, ग्रुप फोटो नंतर.

जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंत तांबट, शिंजीर, साळुंकी, कावळा यांची घरटी आलटून पालटून चालू असतात. गुढीपाडव्याचा कार्यक्रम बागेत करायचा असेल तर फक्त ढोल्या बघून भागणार नाही, झुडपंही तपासा. शिंजीराचं लोंबतं घरटं जाळ्याजळमटांचा गुंता वाटतं आणि सजावटवाले ते 'साफ' करून टाकतात.

कार्यक्रमानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी ढोलीसमोर दहा मिनिटं उभं राहायची पाळी लावा आणि वहीत लिहा. गेल्या वर्षीची आमची नोंद अशी: दिवाळी पाडव्याची संध्याकाळ, सहा वाजून दहा मिनिटं, उंबराच्या ढोलीतून एक पिंगळा बाहेर, मान वर-खाली, चार मिनिटांनी दुसरा.