पायथन टाकलंय, पॅकेजही टाकलंय, तरी ‘मॉड्यूल नॉट फाउंड’? आधी बघा चाललंय कोणतं

पिपने (पायथनची पॅकेजेस उतरवून टाकणारी कमांड) पांडाज हे डेटाचं पॅकेज टाकलं, शेवटच्या ओळीत ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ पण आलं, आणि प्रोग्रॅम चालवला की परत तेच, ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’. आता इथे बहुतेक जण काय करतात तर परत इन्स्टॉल करतात, तेही जमलं नाही की पायथनच काढून नवीन टाकतात, मग ग्रुपवर कोणीतरी सांगतं अनाकोंडा (पायथनचंच, बरीच पॅकेजेस सोबत असलेलं बंडल) टाक म्हणून तेही टाकतात, आणि संध्याकाळपर्यंत मशीनवर तीन-चार पायथन होऊन बसतात, एरर मात्र आहे तिथेच. कारण मुळात भानगड व्हर्जनची नव्हतीच. पॅकेज गेलं एका पायथनमध्ये आणि प्रोग्रॅम चालतोय दुसऱ्याच पायथनवर, एवढंच. म्हणून काहीही नवीन टाकायच्या आधी मशीनलाच विचारायचं की बाबा आत्ता चाललंय कोणतं, आणि विचारायचं तेही जिथे एरर येतोय त्याच जागेवरून. बाकी सगळं नंतर.

(कमांड बोलतो तशाच लिहिल्यात, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या.)

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हेअर पायथन’ टाका. पॉवरशेलमध्ये टाकलंत तर काहीच येणार नाही आणि तुम्हाला वाटेल पायथनच नाहीये, पण तिथे ‘व्हेअर’ ही वेगळीच कमांड आहे, तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई पायथन’ असं पूर्ण लिहायचं. समजा उत्तरात तीन ओळी आल्या: पहिली प्रोग्रॅम फाइल्समधलं पायथन ३११, दुसरी तुमच्या युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटातलं पायथन ३१३, तिसरी विंडोजअ‍ॅप्स नावाच्या फोल्डरमधली. नुसतं ‘पायथन’ टाइप केलं की यातली पहिली ओळ चालते, बाकीच्या दोघांना कोणी विचारत नाही. पाथ म्हणजे फोल्डरांची एक यादी असते, विंडोज ती वरून खाली बघत जातं आणि पहिल्यांदा जिथे सापडेल तिथेच थांबतं. ती तिसरी ओळ तर खरं पायथन नसतंच बऱ्याचदा, मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून ठेवलेलं शून्य बाइटचं डमी आहे ते, खरं पायथन सापडलं नाही की ते थेट स्टोअर उघडतं. ते नको असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेस’ शोधून पायथनचे स्विच बंद करा.

कॉलेजच्या लॅबमध्ये हा घोळ हमखास होतो. लॅबच्या पीसीवर सिस्टिम पाथमध्ये कधीकाळी कोणीतरी जुनं पायथन टाकून ठेवलेलं असतं, तुमच्याकडे अ‍ॅडमिन राइट्स नसतात, तुम्ही आपल्या युजरपुरतं नवीन टाकता, ‘अ‍ॅड टू पाथ’ला टिक पण करता, आणि तरी जुनंच चालतं. यात तुमचं काही चुकलेलं नाही, विंडोज सिस्टिमचा पाथ आधी लावतं आणि युजरचा त्याच्या मागे, त्यामुळे जुनं कायम पुढेच राहणार. अशा वेळी पाथशी मारामारी करत बसू नका, ‘पाय डॅश झीरो पी’ टाका, सगळी पायथन त्यांच्या जागेसकट दिसतील, आणि मग ‘पाय डॅश ३.१३’ असं सांगून हवं तेच चालवा.

मॅक आणि लिनक्सवर हेच काम ‘विच डॅश ए पायथन३’ करतं. तो ‘डॅश ए’ विसरू नका, त्याशिवाय फक्त पहिलं दिसतं आणि खरी माहिती तर बाकीच्यांत असते. एम चिपच्या मॅकवर होमब्रूचं (मॅकवर प्रोग्रॅम टाकायचं टूल) पायथन ऑप्ट होमब्रूमध्ये असतं, जुन्या इंटेल मॅकवर यूएसआर लोकलमध्ये, त्यामुळे जुन्या मॅकवरून सगळं जसंच्या तसं नवीन मॅकवर आणलं असेल तर दोन्ही नांदत असतात. आणि एक बारीक गोष्ट, नवीन पायथन टाकूनही त्याच टर्मिनलमध्ये जुनंच चालत असेल तर बॅशने, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या शेलने, जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो, ‘हॅश डॅश आर’ करा किंवा सरळ नवीन टर्मिनल उघडा.

पण टर्मिनलचं उत्तर हे टर्मिनलपुरतं. व्हीएस कोडमधलं रन बटण, ज्युपिटर नोटबुक, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) रात्रीची स्क्रिप्ट, हे सगळे आपापलं पायथन घेऊन बसलेले असू शकतात. म्हणून जी फाइल रडतेय तिच्याच डोक्यावर दोन ओळी घाला: पहिली ‘इम्पोर्ट सिस’, दुसरी सिस डॉट एक्झिक्यूटेबल प्रिंट करणारी. नोटबुक असेल तर नोटबुकच्याच सेलमध्ये. जो पत्ता छापून येईल तेच खरं, मग व्हीएस कोड खालच्या पट्टीत काहीही दाखवो. आता तो अख्खा पत्ता कॉपी करा आणि त्याच्यापुढे ‘डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज’ लावून चालवा. पत्त्यात स्पेस असेल तर अवतरणात टाका, आणि पॉवरशेलमध्ये असाल तर अवतरणाआधी अँडचं चिन्हही लावा. नुसतं ‘पिप’ लिहिलं की पाथमधलं पहिलं पिप चालतं आणि ते कोणत्या पायथनचं आहे हे तुम्हाला माहीत नसतं, ‘पायथन डॅश एम पिप’ लिहिलं की त्याच पायथनचं पिप चालणार यात शंकाच नाही. मी तर म्हणेन नुसतं पिप लिहायची सवयच मोडा. व्हीएस कोडला कायमचं सांगायचं असेल तर कमांड पॅलेटमधून ‘पायथन सिलेक्ट इंटरप्रिटर’, आणि नोटबुकचं कर्नल (नोटबुकमागे चालणारं पायथन) वेगळं निवडावं लागतं, इंटरप्रिटर बदलला म्हणून ते आपोआप बदलेलच असं नाही.

हे सगळं करून पत्ता बरोबर, पॅकेजही त्याच पायथनमध्ये, तरी एरर? मग तुमच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं बघा. रँडम डॉट पीवाय, सीएसव्ही डॉट पीवाय, पांडाज डॉट पीवाय अशी फाइल तुम्हीच केलेली असते सरावासाठी, आणि पायथन स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये आधी शोधतं, त्यामुळे खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतं. ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ असं काही दिसलं की पहिला संशय हाच. ३.१३ पासून पायथन स्वतःच सांगतं की फाइलचं नाव बदला, जुन्यात मात्र तुम्हालाच ओळखावं लागतं.

यावर कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं पायथन आणि पॅकेजेसचं स्वतंत्र फोल्डर. ‘पायथन डॅश एम व्हेन्व डॉट व्हेन्व’, अ‍ॅक्टिव्हेट करा, झालं. पॉवरशेल ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ म्हणालं तर एक्झिक्यूशन पॉलिसी फक्त करंट यूजरसाठी ‘रिमोट साइन्ड’ करा, अख्ख्या मशीनसाठी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचे सल्ले खूप फिरतात, ते ऐकू नका. आणि व्हेन्वचं फोल्डर हलवायचं नाही, दुसऱ्याला झिप करून द्यायचं नाही, गिटमध्ये तर अजिबात टाकायचं नाही, कारण त्याच्या आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात आणि जागा बदलली की ते मोडतं. मोडलं तर दुरुस्त करू नका, डिलीट करून रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून (पॅकेजची यादी) नवीन करा. डेबियन १२ किंवा हल्लीच्या उबंटूवर पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवतं तेही याचसाठी, सिस्टिमच्या पायथनवर सिस्टिमचीच बरीच कामं चालतात आणि तुम्ही त्यात ढवळाढवळ करू नये असं त्यांचं म्हणणं आहे. तिथेच एररमध्ये ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ नावाचा ऑप्शन पण दिसतो. नावातच सगळं आलं, नका लावू.

आता खरोखरच्या व्हर्जनच्या मारामाऱ्या, कारण त्याही असतात. नवीन पायथन आलं की पहिल्याच आठवड्यात टाकणारे यात जास्त सापडतात. पॅकेज बनवणाऱ्यांनी त्या पायथनसाठी तयार व्हील (आधीच बिल्ड करून ठेवलेलं पॅकेज) काढलेलं नसतं, मग पिप सोर्सवरून बिल्ड करायला जातं आणि विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ म्हणून आपटतं. लोक लगेच काही जीबीची बिल्ड टूल्स उतरवायला घेतात, खरं तर पायथन एक व्हर्जन मागे घेतलं की बहुतेक वेळा काम भागतं. ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स’ दिसलं तर समजायचं की पायथन ३.१२ किंवा पुढचं आहे, डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) त्यातून काढून टाकलंय, सेटअपटूल्स टाकून बघा किंवा ते जुनं पॅकेज अपग्रेड करा. ‘नमपाय डीटाइप साइज चेंज्ड’ दिसलं, किंवा नमपाय १.एक्सवर कंपाइल केलेलं मॉड्यूल २.० वर चालणार नाही असा लांबलचक निबंध आला, तर बहुतेक वेळा नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या २०२४ मध्ये आलेल्या व्हर्जन २ ची ती कृपा, जुन्या पॅकेजला नवीन नमपाय झेपत नाहीये. तात्पुरतं नमपाय २ च्या खाली ठेवा, सवडीने पॅकेज अपग्रेड करा. आणि ‘पायथन डॅश एम पिप चेक’ मधूनमधून चालवत जा, कोणाचं कोणाशी जमत नाहीये ते एका ओळीत सांगतं, का कोण जाणे फार कमी लोक वापरतात.

गिटहब अ‍ॅक्शन्सवाल्यांसाठी (गिटहबवर टेस्ट वगैरे आपोआप चालवणारी सोय) एक गंमत. यॅमल म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये पायथन व्हर्जन ३.१० असं अवतरणाशिवाय लिहिलं तर यॅमल त्याला दशांश संख्या समजतं आणि ३.१ करतं, मग रनर (तिथे कोड चालवणारं मशीन) ३.१ शोधत बसतो. अवतरणात लिहा, संपलं.

जावावाल्यांचंही दुखणं तेच, फक्त एरर जास्त प्रामाणिक. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ आला की त्यात दोन आकडे असतात, समजा ६१.० आणि ५५.०. दोन्हीतून ४४ वजा करा: ६१ म्हणजे जावा १७, ५५ म्हणजे जावा ११. म्हणजे कोड कंपाइल झाला १७ वर आणि चालवायला घेतलाय ११ ने. मग माणूस ‘जावा डॅश व्हर्जन’ टाकतो तर तिथे १७ दिसतं आणि डोकं फिरतं. अहो, ती कमांड पाथमधलं जावा दाखवते, मेव्हन (जावाचं बिल्ड टूल) मात्र जावा होम नावाचा व्हेरिएबल बघतं, आणि तो अजून ११ कडे बोट दाखवत असतो. ‘एमव्हीएन डॅश व्ही’ टाका, मेव्हन कोणतं जावा वापरतंय ते पत्त्यासकट लिहून येतं. आयडीईचा, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरचा, प्रोजेक्ट एसडीके (तिथे निवडलेलं जावा) हा आणखी तिसरा प्रकार, तोही बघा. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) जुना रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट उघडला आणि ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’ आलं तर नोड १७ पासून ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ आल्यामुळे जुनं वेबपॅक (कोड एकत्र बांधणारं टूल) अडतंय, एनव्हीएमने (नोडची व्हर्जन बदलणारं टूल) नोड १६ घेऊन आजचं काम चालवा पण ते कधीच सपोर्टबाहेर गेलंय हे लक्षात ठेवून वेबपॅक बदलायला घ्या.

कॉन्फिगरेशनचे घोळ शोधायला जरा किचकट कारण तिथे बऱ्याचदा एररच येत नाही, नुसतं चुकीचं चालतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलला तर आधी उघडलेल्या टर्मिनलला आणि व्हीएस कोडला ते कळत नाही, दोन्ही पूर्ण बंद करून उघडा. डॉट ईएनव्ही (सेटिंग ठेवायची) फाइल नोटपॅडने सेव्ह केली असेल तर तिचं खरं नाव डॉट ईएनव्ही डॉट टीएक्सटी झालेलं असतं आणि विंडोज शेवटचा भाग लपवतं, एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करा. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत असेल तर ओळीच्या शेवटी विंडोजवाला जादा कॅरेक्टर बसलाय, एडिटरमध्ये सीआरएलएफचं (विंडोजची पद्धत) एलएफ (लिनक्सची) करा.

आणि आपल्या लोकांना हमखास नडणारा एक. मराठी मजकुराची सीएसव्ही, मित्राच्या मॅकवर वाचली जाते, तुमच्या विंडोजवर ‘चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट झीरो एक्स ८डी’. फाइल खराब नाहीये. पायथनचं साधं ओपन हे विंडोजची ठरलेली एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) धरतं, इंडिया इंग्लिश असलेल्या मशीनवर ती सीपी १२५२ असते, आणि फाइल असते यूटीएफ-८ मध्ये. देवनागरीचं प्रत्येक सुटं अक्षर किंवा खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि हलन्त म्हणजे पाय मोडायची जी खूण, तिचा तिसरा बाइट नेमका ८डी, जो सीपी १२५२ मध्ये रिकामा आहे. ऱ्हस्व उकाराचा ८१, झ चा ९डी, तेही रिकामेच. म्हणजे पहिलं जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आला की प्रोग्रॅम आपटला, आणि फाइलमध्ये नुसतं ‘मराठी’ एवढंच असेल तर एरर न येता कचरा छापला जाणार, म्हणूनच छोट्या टेस्ट फाइलवर सगळं ठीक वाटतं आणि खऱ्या नावांची यादी दिली की फुटतं. ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, दरवेळी. जुना कोड खूप असेल तर पायथनयूटीएफ८ हा व्हेरिएबल १ करून ठेवा, ३.७ पासून चालतो. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेली फाइल वाचताना पहिल्या कॉलमच्या नावाला अदृश्य काहीतरी चिकटतं आणि ‘की एरर’ येतो, तिथे यूटीएफ-८-सिग लिहायचं, आणि एक्सेलमध्ये उघडण्यासाठी फाइल लिहितानाही तेच, नाहीतर एक्सेल मराठीचा चिवडा करून दाखवतं.