माजी सैनिकांच्या मनाची दुखणी ओळखता यावीत म्हणून परिचारिकांना कसे तयार करावे

माजी सैनिक प्राथमिक आरोग्य केंद्रात मनाची तक्रार घेऊन सहसा येत नाही. तो रक्तदाब मोजायला, साखरेच्या गोळ्या न्यायला किंवा जुनी पाठदुखी वाढली म्हणून येतो आणि विचारल्यावर ‘काही नाही जी सिस्टर, अंग दुखते फक्त’ एवढेच सांगतो. म्हणून ग्रामीण विदर्भात परिचारिकांचे प्रशिक्षण आखताना मनोविकारांच्या व्याख्यांपासून सुरुवात करू नये. रक्तदाब मोजण्याच्या त्या पाच मिनिटांत काय पाहावे आणि काय विचारावे, तिथपासून करावी.

गट पंधराच्या आत ठेवावा आणि त्यात एएनएम (उपकेंद्रावरच्या परिचारिका), स्टाफ नर्स व समुदाय आरोग्य अधिकारी यांना एकत्र बसवावे. मासिक सभेला जोडून हा विषय उरकण्याचा मोह टाळावा, कारण त्या दिवशी प्रत्येकीचे लक्ष अहवालाकडे आणि शेवटच्या एसटीकडे असते. दोन स्वतंत्र दुपारी पुरेशा होतात.

पहिल्या दुपारी सैनिकाचे आयुष्य समजून घ्यावे. शिपाई पदावरचा माणूस साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. मग शेती पाहतो किंवा नागपूर-अमरावतीकडे सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो. ज्या घरात तो वर्षाकाठी सुटीपुरता यायचा, तिथे आता रोज राहायचे असते, आणि पुष्कळांना हेच जड जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत एखाद्या निवृत्त सुभेदारांना आणि तयार असल्यास एखाद्या सैनिकपत्नीला बोलवावे, कारण रात्री काय घडते हे पत्नीलाच ठाऊक असते. मात्र त्यांना युद्धातले प्रसंग वर्गासमोर सांगायला लावू नये. प्रत्येक फौजी आजारी असतो असा समजही इथेच खोडून काढावा. बहुतेकांना असा कोणताही आजार नसतो, आणि ज्यांना असतो त्यांचे कारण दर वेळी सीमेवरचेच असते असे नाही.

लक्षणे शिकवताना आघातोत्तर ताणविकाराचे, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मनाच्या आजाराचे, चार भाग सांगावेत: घडलेले पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, मन बधिर किंवा अपराधी होणे, आणि सतत सावध राहणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि कामकाज बिघडले तर आजाराची शंका घ्यावी. पण ही यादी गावातल्या जगण्यात कशी दिसते, हे दाखवल्याशिवाय ती उपयोगी पडत नाही. आपल्याकडे झोप न येणे जागलीमागे, म्हणजे रात्री पीक राखण्यामागे, सहज लपते. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या शेतात रानडुकरे हाकलायला माणूस रात्रभर राहतो, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. म्हणून ‘जागलीला जाता का’ एवढ्यावर न थांबता ‘पीक निघाल्यावर घरी झोप लागते का’ हे विचारायला शिकवावे. तसेच, शेजारच्या वावरात डुकरांसाठी फटाका वाजला की हा माणूस काय करतो, लग्नाच्या वरातीत थांबतो की मागच्या मागे निघून जातो, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. तोफखान्यात काम केलेल्या काहींना ऐकू कमी येते आणि त्यामुळे ते तुटक किंवा चिडके वाटतात. तेव्हा आधी कान तपासून घ्यावेत. स्फोटाजवळ असताना कधी बेशुद्ध पडला होता का, हेही विचारावे, कारण डोक्याच्या जुन्या दुखापतीनेही विसरभोळेपणा आणि राग वाढतो.

दारूचा विषय लष्करी कॅन्टीनच्या बाटलीवरून थट्टेत निघतो आणि थट्टेतच संपतो. तो गंभीरपणे घ्यावा. रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद करा’ असा सल्ला परिचारिकेने परस्पर देऊ नये. अचानक थांबवल्यास ६ ते २४ तासांत हातांना कंप व घाम सुटतो, पुढे झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. अशा माणसाला आधी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे.

दुसरी दुपार पूर्णपणे सरावाची ठेवावी. जोड्या लावून एकीने रुग्ण व्हावे. सुरुवात हुद्द्याने करावी. ‘हवालदार साहेब, ड्युटी कुठे कुठे झाली?’ या प्रश्नाने जे दार उघडते, ते ‘तुम्हाला टेन्शन आहे का?’ याने बंद होते. त्यानंतर पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाळणी करणारी प्रश्नावली घ्यावी. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, एकूण गुण २७ असतात आणि १० किंवा अधिक आल्यास डॉक्टरांना दाखवावे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे; बाकी गुण कितीही कमी असले तरी त्याचे उत्तर शून्याहून वर गेले की तिथेच थांबून पुढे विचारायचे. चाळणीत पकडले गेले म्हणजे निदान झाले असे नव्हे, हे वर्गात बजावून सांगावे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो ‘जीव द्यावासा वाटतो का?’ या वाक्याला. पुष्कळ परिचारिकांना हे तोंडातून काढणे अवघड जाते, आणि विचारल्याने डोक्यात नको ते येईल अशी भीतीही असते. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही. म्हणून प्रत्येकीने हे वाक्य मोठ्याने, नजर न चुकवता म्हणेपर्यंत सराव थांबवू नये. उत्तर होकारार्थी आले तर माणसाला एकटे सोडू नये, वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच बोलवावे, आणि फवारणीचे औषध घराबाहेर विश्वासू नातेवाइकाकडे ठेवायला व परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला घरच्यांना सांगावे. कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाचा डबा घरात असतोच, त्यामुळे हा प्रश्न गाळू नये. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवाछपवी करतात. त्यांना मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम ११५ समजावून सांगावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे, उलट सिद्ध झाले नाही तर, हा कायदा गृहीत धरतो आणि त्याच्यावर खटला चालवत नाही.

पुढे कुठे पाठवायचे, हे प्रत्येकीच्या वहीत लिहून द्यावे. २००३ पासून सुरू असलेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर तिचे जवळचे पॉलिक्लिनिक, नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक, गरजेप्रमाणे नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय, आणि रात्री-अपरात्री टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक. सीआरपीएफमधून (केंद्रीय राखीव पोलीस दलातून) निवृत्त झालेल्यांना गाव फौजीच म्हणते, पण ईसीएचएस त्यांच्यासाठी नाही. त्यांची नोंद करतानाच हे पाहून घ्यावे.

महिन्याभराने सर्वांना पुन्हा बोलवावे आणि नावे झाकून, कोणता प्रश्न विचारताना अडले तेवढेच मांडायला सांगावे. त्या दिवसाचा सराव त्याच प्रश्नांवर घ्यावा.