जुलाबाचा घरखर्च आणि रोटाची लस: हिशेब कसा मांडावा

बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची लस महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. तरी ‘दिवस मोडतो’ म्हणून मुंबईत गोवंडी-धारावीत एखादा डोस राहूनच जातो. आशाताईंनी अशा घरात वही काढून हा हिशेब आई-बाबांसमोर मांडावा, आकडे त्यांच्याच तोंडून घ्यावेत.

पानाच्या डावीकडे आजारपण. बाळाला जुलाबाने सलाईन लावावी लागली, तर फी, औषधं, तपासण्या किती? मग रिक्षा, बाहेरचं खाणं. शेवटी बुडालेली मजुरी. हा आकडा मोठा असू शकतो, आणि नेमका तोच लिहायचा राहतो. ७०० रुपये रोज धरला तर चार खाड्यांचे २८००. आई घरी बसून नगावर काम करत असेल, तर तिचे बुडालेले नगही दराने गुणून लिहा; ‘ती घरीच असते’ म्हणून सोडू नका. उसने घेतले असतील तर व्याजही धरा: ५००० रुपये शेकडा पाचने घेतले, तर महिन्याला २५० नुसतं व्याज. पालिकेच्या रुग्णालयात खाट मिळाली तरी खाडे चुकत नाहीत.

उजवीकडे लस. डोस ६, १०, १४ आठवड्यांना, तोंडावाटे. त्याच दिवशी पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) आणि पोलिओचेही डोस असतात, म्हणून अख्खा खाडा रोटाच्या नावावर टाकू नका. वेगळा खर्च जवळपास शून्यच. उशीर झाला असला, तरी वर्षाच्या आत पहिला डोस देता येतो. पुढचे चार-चार आठवड्यांनी.

इथे एक चूक फार महागात पडते: ‘लस घेतली की जुलाब बंद’ असं सांगणं. जुलाब इतर जंतूंमुळेही होतात. ही लस रोटाच्या गंभीर आजाराचा धोका कमी करते, म्हणून डावीकडची सगळी रक्कम ‘वाचली’ असं लिहू नका. खोटं आश्वासन दिलं आणि बाळाला जुलाब झाले, तर ते घर पुढची कुठलीच लस घेणार नाही.

उरलेल्या जुलाबांसाठी घरात ओआरएस (जलसंजीवनी) हवंच. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं, तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. २४ तासांनी उरलेलं फेका. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक १४ दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर वही मिटा आणि थेट रुग्णालय गाठा.