कॅटची माती विकायची तर आधी काय काय हाताशी हवं

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या माणसाला सोनं गाळायला शिकवायची गरज नाही. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या कॅटमधून, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, प्लॅटिनम काढायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, भट्टी आहे, तेजाब आहे, मग अडतंय कुठं? अडतं ते इथं: सोनं 1064 अंशांना वितळतं, प्लॅटिनमला 1768 लागतात आणि त्याच्यासोबत असणाऱ्या रोडियम या मौल्यवान धातूला 1964. शिवाय धातू दिसतच नाही. आतल्या सिरॅमिकच्या जाळीवर (हिचा चुरा म्हणजेच माती) ॲल्युमिनाचा लेप आणि लेपात सूक्ष्म कण, किलोमागे ग्रॅम-दोन ग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक तेजाबाच्या मिश्रणात) प्लॅटिनम आणि त्याच्या जातीचं पॅलेडियम उतरतं, पण रोडियम बरंचसं गाळातच राहतं. वर प्लॅटिनमच्या क्षारांनी दमा जडू शकतो, आणि तो पिवळा-तांबूस धूर गल्लीभर होतो. त्यामुळे तेजाब या यादीत नाही. शुद्धीकरण कारखान्यात जाळी दळून, तांबं किंवा लोखंड सोबत घालून मोठ्या भट्टीत वितळवतात. आपण माल तिथवर नीट पोचवायचा, पैसा त्यातच आहे.

पहिली तयारी कागदाची. मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरून आतली माती विकणाऱ्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. पोलीस आधी भंगारवाल्याकडेच येतात. गाडीचा नंबर, आरसीची प्रत, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि पैसे बँकेतून, एवढं झाल्याशिवाय नग उतरवून घेऊ नये. चोरीचा माल घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये येतं. साठा करायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीच विचारून घ्या, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडला एक आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडला दुसरा न्याय लागत नाही.

मग वर्गवारी, इथंच खरी कमाई किंवा खोट. डब्याच्या पत्र्यावरचा नंबर घासून वाचा, फोटो काढा. पेट्रोलच्या नगात पॅलेडियम-रोडियम, डिझेलच्यात प्लॅटिनमवर भर. पत्र्याच्या गुंडाळीची जाळी वेगळ्या पोत्यात, तिची प्रक्रियाच निराळी असते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाचा नवा नियम) डिझेल गाड्यांना काजळीचा फिल्टर आणि बऱ्याच गाड्यांना युरिया फवारून धूर साफ करणारा डबाही असतो. युरियाच्या डब्याला वजन भरपूर, मौल्यवान धातू जवळपास नाही. तो चांगल्या मालात मिसळला की सगळ्या पोत्याचा भाव बसतो. बाजारातून नंतर बसवलेल्या स्वस्त नगांचंही तसंच.

कापायला ग्राइंडर नको, हायड्रॉलिक कातर घ्या. ग्राइंडरने धूळ उडते, आणि धूळ म्हणजेच माल. खाली ताडपत्री, पंखा बंद, तोंडाला एन-95, डोळ्यांना चष्मा. जाळीभोवतीचं पांढरं तंतूंचं अस्तर हाताने चुरगाळू नका, ते फुप्फुसाला वाईट. वेगळ्या पिशवीत बांधून टाका. भरलेला ड्रम झाकणबंद हवा. जाळी पावसाळ्यात ओल धरते आणि ओल वजनातून कापतात.

शेवटी कारखान्याशी आधी लेखी बोलून घ्या. रोडियमचे पैसे देता का? काही जण फक्त प्लॅटिनम-पॅलेडियमचे देतात. भाव कोणत्या तारखेचा, वजावट किती, गाळणीचा खर्च वेगळा का? सगळा लॉट दळून, मिसळून नमुना तुमच्यासमोर काढायला लावा. तीन सीलबंद पुड्या: एक त्यांची, एक तुमची, तिसरी वाद झाल्यास तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. धातूचं प्रमाण दाखवणाऱ्या हातातल्या एक्स-रे बंदुकीचा आकडा अंदाजापुरता, त्यावर सौदा तोडू नये.