कॅम्पातल्या आंटींचे आयरिश पणजोबा, आणि फुकटात मूळ गाव कसं शोधायचं

आमच्या बेळगावच्या कॅम्पात एक आंटी राहतात. मराठी आमच्यापेक्षा कडक बोलतात, बाजारात भाव करायला कन्नड, आणि पणजोबा म्हणे आयरिश. गोऱ्या पलटणीत शिपाई होते, इथंच लग्न केलं, इथंच राहिले, एवढंच घरात सांगत आलेत. गेल्या पावसाळ्यात म्हटल्या, "दिवसभर कॉम्प्युटरवर बसतोस की, बघ जरा आमचं मूळ गाव कुठलं ते." मला वाटलं दोन दिवसाचं काम. चार महिने झाले ओ. पण फुकटात कुठं काय मिळतंय ते पाठ झालंय, तेवढं लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक मी पहिल्याच दिवशी केली, आडनाव टाकून सर्च मारला. आपल्याकडं आडनाव ऐकलं की गाव कळतंय, येळ्ळूरकर म्हटलं की येळ्ळूर, कडोलकर म्हटलं की कडोली. तिकडं मर्फी आणि केली आख्ख्या देशात पसरलेत, हजारोंनी निघतात. त्यात ओ आणि मॅक कधी लावायचे कधी काढायचे, म्हणजे सुलिवन आणि ओसुलिवन एकाच घरातले असू शकतात. म्हणून आधी गाव पाहिजे. तिथं सगळ्यात लहान हिशोब म्हणजे टाउनलँड, आपल्या वाडीएवढा, कधी चार-पाच घरांचा, आणि असे ६० हजारांच्या वर आहेत. त्याच्यावर सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. गाव, होबळी, तालुका, जिल्हा ज्याला माहीत आहे त्याला हे समजायला पाच मिनिटं लागत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, चर्चचा पॅरिश वेगळा आणि सिव्हिल पॅरिश वेगळा, दोघांच्या हद्दी जुळतीलच असं नाही.

आता गाव कळणार कसं? तर आयर्लंडमध्ये नाही, आधी इकडंच शोधायचं. घरातली जुनी बायबल, लग्नाचा दाखला, फोटोच्या मागं लिहिलेलं, थडग्यावरचा मजकूर, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून घ्या. मग फॅमिली सर्च म्हणून साईट आहे, अकाउंट फुकट, तिथं भारतातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या जुन्या नोंदींचा इंडेक्स आहे. दुसरी फिबिस, म्हणजे ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांसाठी काम करणारी सोसायटी, तिचा डेटाबेसही फुकट सर्च होतो. इथं आम्ही आठवडा वाया घालवला कारण आंटींचा भाचा कर्नाटक म्हणून मद्रासच्या नोंदी चाळत बसला होता. अहो, १९५६ पर्यंत आपण मुंबईकडं होतो की! बेळगावच्या चर्चच्या नोंदींच्या नकला मुंबई इलाख्याच्या गठ्ठ्यातून लंडनला गेल्या, म्हणून बॉम्बे टाकूनच सर्च करायचं. सीमाभागातल्या माणसाला हे सांगायला लागावं म्हणजे कमालच झाली.

शिपाई असला तर अजून एक भारी जागा आहे. १८३० च्या सुमाराला ब्रिटिश आर्मीत ४० टक्क्यांहून जास्त आयरिश होते, त्यामुळं त्यांची कागदं लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये पडलीत. त्यांच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमध्ये डब्ल्यूओ ९७ ही मालिका बघा, पेन्शनवर सुटलेल्या शिपायांची. १७६० ते १८५४ पर्यंतच्या भागात बऱ्याच जणांच्या नावापुढं जन्माचा पॅरिश आणि काउंटी तिथल्या तिथंच लिहिलेली असते, मूळ कागद बघायला पैसे पडतात पण ती एक ओळ फुकट आणि बहुतेक वेळा तीच पुरते. मात्र माणूस राणीच्या पलटणीतला नसून ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतला असला तर तो तिथं नाही मिळायचा, त्याची कागदं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात. कंपनीची एक बॉम्बे युरोपियन पलटण तर पुढं १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युसिलियर्समध्ये गेली, म्हणजे नाव बदललं म्हणून माणूस हरवला असं समजू नका.

गाव किंवा निदान काउंटी मिळाली की मग आयर्लंड. तिथं पोचलात की कुणीतरी हमखास सांगणार, सगळं जळालंय, नाद सोड. खरं अर्धंच आहे. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर स्फोट आणि आगीत गेलं, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचा बहुतेक भाग गेला. पण १८६१ आणि १८७१ ची सरकारनंच आधी नष्ट केली होती, आणि १८८१, १८९१ ची पहिल्या महायुद्धात रद्दीत घातली. आगीत गेलेल्यातलं काय काय दुसरीकडच्या नकलांवरून परत जमवलंय ते व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरीच्या साईटवर फुकट बघायला मिळतं.

१९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण आहे, नॅशनल अर्काइव्हज ऑफ आयर्लंडच्या साईटवर फुकट, घरातल्या कर्त्यानं सही केलेल्या फॉर्मच्या फोटोसकट. तुमचा माणूस तेव्हा बेळगावात असला तरी त्याचा भाऊ नाहीतर पुतण्या गावात असणारच, त्यांना धरा. १९११ च्या फॉर्ममध्ये लग्न होऊन किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत हेही विचारलंय. वयावर मात्र विश्वास ठेवू नका. १९०१ मध्ये ५६ चा असलेला म्हातारा १९११ मध्ये एकदम ७० चा होतो, कारण १९०९ पासून सत्तरीनंतर पेन्शन चालू झालं होतं. आपल्याकडं नाही का, प्लेगच्या साली जन्मलो म्हणणारे आजोबा आणि शाळेत सगळ्यांचीच १ जून.

जन्म-मृत्यूचे दाखले आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी साईटवर मिळतात, मूळ रजिस्टरच्या पानासकट, आणि माझ्या मते फुकटातलं सगळ्यात सोनं तेच. १८६४ पासून जन्म, मृत्यू आणि कॅथलिक लग्नं, बिगरकॅथलिक लग्नं १८४५ पासून. जन्म १०० वर्षांपर्यंतचे, लग्नं ७५ आणि मृत्यू ५० वर्षांपर्यंतचे झाकून ठेवलेत. एक गंमत सांगतो. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर घाबरू नका, जन्म उशिरा नोंदवला की दंड होता म्हणून लोक सरळ तारीख पुढं ढकलायचे. चर्चची तारीख खरी धरायची.

१८६४ च्या आधीचं पाहिजे तर कॅथलिक चर्चची रजिस्टरं, नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडनं मायक्रोफिल्मवरून साधारण १८८० पर्यंतची ऑनलाईन टाकलीत. तिथं नाव टाकून सर्च नाही, पानं उलटत बसायचं, म्हणून तर आधी गाव पाहिजे म्हटलं. अक्षर कुत्र्याच्या पायानं मांजराच्या पायाला लिहिल्यासारखं, त्यात बरीच लॅटिनमध्ये. याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. मोठ्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, अशी त्यांच्यात रीत होती, आपल्यासारखीच, त्यामुळं एका पिढीतली नावं कळली की वरच्या पिढीचा अंदाज लागतो.

जमिनीसाठी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४, घरटी कोण राहत होता, मालक कोण, नकाशावर प्लॉट कुठला, आस्क अबाउट आयर्लंड या साईटवर फुकट. आपल्या उताऱ्यासारखंच समजा, पण कुळाचं नाव असतं, बायकापोरांची नाही. त्याच्या आधीच्या १८२३ ते १८३७ च्या टाइथ वह्या, म्हणजे चर्चला द्यायच्या कराच्या वह्या आहेत, त्याही फुकट.

गावांच्या नावांचा गोंधळ मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. इथं २०१४ मध्ये बोर्डावरचं नाव बदललं, पण जुन्या दाखल्यावर बेळगाव ते बेळगावच ना. तसंच तिकडं, क्वीन्सटाउन म्हणजे आताचं कोव्ह, किंग्ज काउंटी म्हणजे ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश. लॉगेन्म ही सरकारी साईट दोन्ही भाषेतली नावं देते. आणि सीमा म्हटलं की आलंच, ३२ पैकी ६ काउंट्या उत्तर आयर्लंडमध्ये, त्यांचं दप्तर बेलफास्टला, प्रोनी म्हणतात. १८५८ नंतरच्या मृत्युपत्रांची यादी तिथं फुकट. तिकडच्या जन्म-मृत्यूच्या सरकारी साईटला पैसे लागतात, पण १९२१ पर्यंतचं बरंच आयरिश जीनिऑलॉजीवरच सापडतं, आधी तिथं बघा.

फ्री ट्रायल म्हणून कार्डाचा नंबर मागणाऱ्या साईटपासून लांब राहा, एकीनं माझे पैसे कापले आणि परत मिळवायला महिना गेला. आणि वही ठेवा, काय सापडलं त्यापेक्षा कुठं शोधून काही सापडलं नाही ते जास्त लिहा, नाहीतर तेच रजिस्टर दोनदा उघडता, मी तीनदा उघडलंय.

आंटींचे पणजोबा काउंटी कॉर्कचे निघाले, पॅरिश अजून दोनपैकी एक. रोज रात्री जेवण झाल्यावर दहा पानं बघतो, आंटी बाजूला चष्मा लावून बसतात आणि प्रत्येक जॉनला "हाच असणार बघ" म्हणतात.