पेरणीआधी बांधावरच्या गोगलगायी वेचा

मिरगाच्या सरी पडल्या की सगळ्यांची नजर आभाळाकडे आणि तिफणीकडे असते. लातूर, बीड, धाराशिव भागातल्या सोयाबीनवाल्यांनी ती आधी बांधाकडे वळवावी. 2022 च्या जुलैत पावसाची झड लागली तेव्हा याच जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवलेली रोपे रातोरात फस्त केली आणि कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. बियाणे, खत, मजुरी सगळे दुसऱ्यांदा.

ही गोगलगाय मूळची आफ्रिकेतली. 1847 मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यात आली. आपल्या उन्हाळ्याने ती मरत नाही. शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून जमिनीत किंवा दगडांच्या ढिगाखाली कित्येक महिने पडून राहते आणि ओल लागली की बाहेर येते. त्यामुळे ‘मागच्या साली पाऊस कमी होता, संपल्या असतील’ हा हिशेब धोक्याचा आहे. आता पावसाचा ताल बिघडला आहे. आधी मोठा खंड पडतो, मग आठ-आठ दिवस झड आणि ढगाळ हवा. सोयाबीन खंडात सुकते, गोगलगाय मात्र खंड झोपून काढते आणि झडीत चरते. भर म्हणून उसाचे पाचट, ठिबकची कायमची ओल आणि फळबागेची सावली तिला बारमाही आसरा देतात.

एक गोगलगाय एका वेळी शंभराहून जास्त अंडी मातीत घालते. साबुदाण्यासारखी दिसणारी ही पांढरट पिवळी अंडी आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात. म्हणजे पहिल्या पावसानंतर वेचलेली एक मोठी गोगलगाय पुढच्या शेकडो पिलांचा त्रास वाचवते. म्हणूनच खरे काम पेरणीच्या आधीचे आहे.

संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाच्या कडेने जागोजाग अंथरा. पहाटे, ऊन वर येण्याआधी, ते उचला. खाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मेल्यावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. मीठ फक्त बादलीत वापरायचे, ते पाणीही शेतात ओतायचे नाही. जमीन खारवली तर ते नुकसान गोगलगायीपेक्षा जास्त दिवस पुरते. वेचताना हातमोजे हवेतच. उंदरांकडून आलेला एक कृमी गोगलगायीच्या अंगात असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूला सूज आणू शकतो. वेचायला बाया लावल्या तर मोजे मालकाने द्यावेत.

हे काम एकट्याने करून भागत नाही. तुमचे शेत साफ आणि शेजाऱ्याचा बांध भरलेला असेल तर चार रात्रींत त्या परत येतात. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात वेचणी करा, ओढ्याकाठही सोडू नका.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वापशावर करा. उगवणीपासून पहिले पंधरा दिवस रात्री बॅटरी घेऊन कडेच्या ओळी बघा. रोप जमिनीलगत कुरतडलेले आणि सकाळी मातीवर वाळलेला चकचकीत पांढरा पट्टा दिसला तर ती गोगलगायच. ससा किंवा हरणाच्या नावावर घालू नका. कोरड्या दिवशी शेताभोवती चुन्याची भुकटी चार बोटे रुंद टाकली तर अडथळा होतो, पण पावसाने चुना विरघळला की तो पुन्हा टाकावा लागतो.

एवढे करूनही प्रादुर्भाव राहिला तरच मेटाल्डिहाइड हे गोगलगायी मारणारे विष, 2 टक्के दाणेदार, एकरी 2 किलो, संध्याकाळी बांधाच्या आतल्या बाजूने पातळ पसरा. ढीग करू नका, जोराचा पाऊस येणार असेल त्या दिवशी टाकू नका. हे दाणे कुत्रे आवडीने खातात आणि तडफडून मरतात. कोंबड्या, शेळ्या, वासरे यांनाही तिकडे फिरकू देऊ नका. जनावर थरथरू लागले, लाळ गाळू लागले तर घरगुती उपाय न करता दाण्यांचे पाकीट घेऊन पशुवैद्यकांकडे जा.

विष शेवटी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. भारद्वाज पक्षी या गोगलगायी शंख फोडून खातो. तो बांधावरच्या काटेरी झुडपांत राहतो, म्हणून साफसफाईच्या नावाखाली बांध पेटवू नका. जमिनीलगतचे दगडांचे ढीग, कुजका कचरा, पाचट एवढे हलवा. बोर, बाभूळ, हिवर उभे राहू द्या.

पपई, झेंडू किंवा भाजीपाल्याची रोपे, शेणखत, गाळमाती बाहेरून आणताना तीही उलटीपालटी करून तपासा. ज्या गावात आजवर गोगलगाय दिसलेली नाही, तिथे ती बहुधा अशाच ट्रॉलीतून येईल.