प्रयोगशील कवी-चित्रकारांची चरित्रं गोळा करताय? आधी या चुका टाळा

साठोत्तरी लघुनियतकालिकांतले, म्हणजे १९६० च्या आसपास मित्रामित्रांनी स्वतःच्या खर्चानं काढलेल्या छोट्या अंकांतले कवी आणि त्यांच्या आसपास वावरलेले चित्रकार यांच्यावर काम करणारी नवी मुलं अधूनमधून माझ्याकडे येतात. येतात याचा आनंदच आहे. ही पिढी आता फार उरलेली नाही, आणि त्यांचे कागद तर त्यांच्याही आधी रद्दीत जाताहेत. पण प्रत्येकाची फाईल उघडली की त्याच चुका पुन्हा दिसतात, आणि त्यातल्या काही नंतर दुरुस्तच होत नाहीत. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो आहे.

फक्त कवितेची झेरॉक्स काढणे

सगळ्यांत जास्त नुकसान यानं होतं. १९५४ साली निघालेल्या 'शब्द'पासून पुढची वीस-पंचवीस वर्षं ही नियतकालिकं ज्या पद्धतीनं निघाली, ती आधी समजून घ्या. कुणी चार मित्रांनी पैसे घातले, स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइल करून, म्हणजे त्या स्टेन्सिलवरून हातयंत्रानं प्रती काढून, अंक काढला. पुढचा अंक कधी, हे त्यांनाही ठाऊक नसे. कित्येक अंकांवर महिना नाही, काहींवर वर्षसुद्धा नाही. मग तारीख कुठे सापडते? मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, मुद्रकाच्या ओळीत, संपादकाच्या पत्त्यात, किमतीत, पोच दिलेल्या पुस्तकांच्या यादीत, मलपृष्ठावरच्या जाहिरातीत. म्हणजे नेमकं जे लोक झेरॉक्स करत नाहीत, त्यात.

काही वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा माझ्याकडे जाड फाईल घेऊन आला. गिरगावातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या कपाटात त्याला लघुनियतकालिकांचे गठ्ठे सापडले होते. त्यानं आपल्या कवीच्या तेवढ्या कविता झेरॉक्स करून आणल्या. समास कापलेले, पृष्ठक्रमांक गेलेले, मुखपृष्ठ एकाचंही नाही. 'अंक कुठले?' विचारलं तर म्हणाला, 'ते काय, परत जाऊन बघता येईल.' त्यानंतर गुरुजी वारले, घर रिकामं करायचं ठरलं आणि गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले. आता त्या फाईलमध्ये एकाच कवितेचे दोन खर्डे होते, शेवट पूर्ण वेगळे. आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला, हाच त्याच्या प्रबंधाचा गाभा होता.

आम्ही एकेक पान उजेडासमोर धरून बसलो. झेरॉक्समध्ये कधी कधी मागच्या बाजूचा मजकूर पुसटसा उमटतो. एका पानाच्या मागून एका चित्रप्रदर्शनाची जाहिरात उलटी दिसत होती. चित्रकाराचं नाव आणि जहांगीर आर्ट गॅलरी एवढं वाचता आलं. त्या प्रदर्शनाची घडीपत्रिका पुढे एका संग्राहकाकडे मिळाली आणि तो खर्डा जागेवर बसला. दुसरा खर्डा मात्र आजही बिनतारखेचाच आहे. त्या मुलानं आपल्या प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलं, हे त्यानं फार चांगलं केलं.

माझी सवय सांगतो. अंक हातात आला की कवितेकडे शेवटी जायचं. आधी मुखपृष्ठ, त्याची आतली बाजू, अनुक्रमणिका, मुद्रकाची ओळ, शेवटचं पान, मलपृष्ठ. मग कविता, तिच्या आधीचं आणि नंतरचं पान धरून. फोटो पूर्ण पानाचा, समासासकट. गंजलेली पिन ओढून काढायची नाही, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा नाही, आणि अंकावर काही लिहायचं तर पेन्सिलीनं. एका अंकाला पाच मिनिटं जास्त लागतात. तेवढा धीर नसेल तर या कामात पडू नये.

पुस्तकांच्या मधल्या वर्षांना 'मौन' म्हणणे

हे वाक्य वाचलं की मला खरंच त्रास होतो: 'यानंतर कवीनं पंचवीस वर्षं मौन पाळलं.' मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांबद्दल ते कितीदा वाचलं असेल! इंग्रजी 'जेजुरी' पुस्तकरूपात आली १९७६ मध्ये, 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ मध्ये, आणि मग एकदम २००३-०४ मध्ये 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' आणि दोन इंग्रजी पुस्तकं. पुस्तकांची यादी समोर ठेवून चरित्र लिहिणाऱ्याला मधे पोकळी दिसते. पण 'भिजकी वही'सारखं जाडजूड पुस्तक काही एका वर्षात लिहून होत नाही. माणूस लिहीत होता, कापत होता, पुन्हा लिहीत होता. मुंबईत काळा घोडा भागातल्या वेसाइड इन या उपाहारगृहात बसून रस्ता बघत होता. अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकला होता. छापायची घाई तेवढी नव्हती. शेवटच्या आजारपणात मित्र मागे लागले आणि पुस्तकं निघाली. २५ सप्टेंबर २००४ ला कोलटकर गेले. त्या पुस्तकांच्या तारखा प्रकाशनाच्या आहेत, लेखनाच्या नव्हेत.

'जेजुरी'चंही तेच. पुस्तक १९७६ चं, पण ती मालिका १९७४ मध्येच एका इंग्रजी त्रैमासिकात छापून आली होती. यादीत फक्त १९७६ लिहिलंत तर ती दोन वर्षं हरवली.

म्हणून मी प्रत्येक कवितेसाठी तीन रकाने ठेवतो: लिहिली केव्हा, पहिल्यांदा छापली कुठे, पुस्तकात आली केव्हा. पहिला रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. राहू द्यावा. तो अंदाजानं भरणाऱ्यांमुळेच पुढच्या दहा जणांचं काम बिघडतं.

जन्मतारीख पहिल्या सापडलेल्या ठिकाणाहून उचलणे

कोलटकरांचा जन्म १ नोव्हेंबरचा, कोल्हापूरचा. पण वर्ष १९३१ आणि १९३२ अशी दोन्ही छापलेली सापडतात. दोन्ही लिहा, कुठे कुठलं छापलंय तेही लिहा. आणि त्या पिढीतल्या कुणाची जन्मतारीख १ जून दिसली तर जरा थांबा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती टाकलेली असण्याची शक्यता मोठी असते.

नोकरी गाळणे

नोकरी म्हणजे पोटापाण्याची किरकोळ बाब, असं समजून ती सोडून देतात. कवी बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत होते. कोलटकर जे. जे. स्कूलमधून बाहेर पडून जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेले ग्राफिक डिझायनर. त्यांच्या पुस्तकांची बांधणी आणि पानाची मांडणी त्या हातानं घडलेली आहे. १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउस ही कवींची प्रकाशनसंस्था सुरू करताना त्यांच्याबरोबर असलेले गीव्ह पटेल डॉक्टर होते, चित्रकार होते, नाटककारही होते. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीमुळे वाराणसीला गेले आणि तिथे तंत्रकलेशी (तांत्रिक साधनेतल्या चिन्हाकृतींच्या कलेशी) त्यांचा जवळून संबंध आला. नोकरी गाळली, तर त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतलं हे वळण कुठून आलं ते सांगताच येणार नाही.

'साल कुठलं?' असं थेट विचारणे

ऐंशीच्या घरातल्या माणसाला तुम्ही साल विचारता, तो चांगुलपणानं एक साल सांगतो आणि तुम्ही ते छापता. साल असं लक्षात राहत नाही. त्यांना विचारायचं: तेव्हा राहायला कुठे होता? पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो अंक निघाला होता का? आणीबाणी लागली होती? गिरणी संप सुरू झाला होता? पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, आणीबाणी जून १९७५, संप जानेवारी १९८२. एवढे खुंटे तुमच्याकडे असले की आठवण आपोआप त्यांच्या मधे कुठेतरी बसते. पुण्याच्या माणसाला पानशेत विचारलं की तो घर, गल्ली, भिजलेली पुस्तकं सगळं सांगायला लागतो.

आणि एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर कुणालाही खोटं ठरवू नका. १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्यांनी 'सत्यकथा' या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची होळी केली, तेव्हा मी होतो असं सांगणारे भरपूर भेटतील. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या नावानं, मुलाखतीच्या तारखेसकट वेगळं लिहा. 'तुमची प्रेरणा काय?' हा प्रश्न मात्र कृपा करून विचारू नका. त्याला पाठ केलेलंच उत्तर येतं.

आणखी काही

मलिका अमर शेख यांची नोंद 'नामदेव ढसाळांची पत्नी' म्हणून सुरू करू नका. त्या कवयित्री आहेत, त्यांचं आत्मचरित्र आहे. सुरुवात तिथून करा.

र. कृ. जोशींची कविता टाइप करून घेऊ नका. सुलेखनकाराची ती कविता अक्षरांच्या आकारात आणि पानावरच्या जागेत असते. चित्र ठेवा. (विंडोजमधला 'मंगल' फाँट त्यांचाच, हेही नोंदवा.)

द्विभाषिक कवीची मराठीची एक आणि इंग्रजीची एक अशा दोन फायली करू नका. दिलीप चित्रे यांना १९९४ साली साहित्य अकादमीनं मराठी कवितेसाठी आणि तुकारामाच्या इंग्रजी अनुवादासाठी असे दोन्ही सन्मान दिले. कुठल्या फायलीत ठेवणार?

श्रीलिपीतल्या (युनिकोडच्या आधीच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या) जुन्या फाईली लगेच युनिकोडमध्ये आणा, आणि मूळ फाईलही जपा.

पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा परिचय हा पुरावा नव्हे.

पत्रं घरी घेऊन जाणे

कवीच्या किंवा त्याच्या मित्राच्या घरच्या काकू विश्वासानं पत्रांची पिशवी हातात ठेवतात, 'सावकाश बघ' म्हणतात. नेऊ नका. त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून फोटो काढा, पिशवी तिथेच ठेवा, आणि काढलेल्या फोटोंची एक प्रत त्यांना द्या. घेऊन गेलेली पत्रं परत न आल्याच्या तक्रारी मी इतक्या घरांतून ऐकल्या आहेत की आता काही घरी अभ्यासकांना दारच उघडत नाही. ती दारं पुढच्या प्रत्येकासाठी बंद झाली आहेत.

आणि पत्र ज्यांच्याकडे आलं त्यांनी परवानगी दिली म्हणजे छापायला मोकळीक मिळाली, असं होत नाही. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापून आलेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षं चालतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कविता २०१७ पासून खुल्या आहेत. हयातीत न छापलेल्या पत्रांचा हिशेब वेगळा असतो, तो जाणकाराला विचारावा. कोलटकरांची एखादी अख्खी कविता छापायची असेल तर २०६४ संपेपर्यंत वारसांना पत्र लिहावं लागेल. ते पत्र काम सुरू करतानाच लिहा. उत्तर यायला वेळ लागतो.